ऐकून ठेवणारा टेलिफोन



माणसाचे बोलणे तारेवरून दूर नेणारे यंत्र १८७६ साली निघाले. माणसाचे बोलणे साठवून ठेवणारे यंत्र १८७७ साली निघाले. म्हणजे पाठीला पाठ लावून आलेली ही दोन भावंडे. मग ती एका घरात नांदावयास जवळजवळ शंभर वर्षे का लागली? टेलिफोन घरोघर गेला, ग्रामोफोन घरोघर गेला, परंतु टेलिफोनवर बोललेले शब्द जपून ठेवण्याची सोय सामान्य माणसाला फार उशिरा मिळाली. आज या प्रश्नाची थोडी उकल करण्याचा माझा विचार आहे.

हा प्रश्न मला पडला तो विज्ञानाच्या आवडीमुळे नव्हे. मी कामगार संघटनेचा माणूस. विडी वळणाऱ्या बाया, राईस मिलमधले हमाल यांच्यात माझी तीस वर्षे गेली. शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही वाचले ते वाचनालयात आणि पॅसेंजर गाडीच्या डब्यात. तेव्हा मी सांगतो त्यात पंडिताची शिस्त सापडणार नाही. परंतु आमच्या कामात 'कोण काय बोलले' यावर सगळे अडून बसते. मालक तोंडी कबूल करतो आणि कागदावर नाकारतो. मजूर तोंडाने सांगतो आणि त्याचा अर्ज दुसराच कोणी लिहितो. बोलणे आणि बोलण्याची नोंद यांच्यामधल्या फटीत आमची माणसे पिढ्यान् पिढ्या अडकली आहेत. म्हणून बोलणे कोण जपून ठेवतो, हा माझ्या दृष्टीने भाकरीचा प्रश्न आहे.

प्रथम जन्मकथा पाहू. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना ७ मार्च १८७६ रोजी अमेरिकेत टेलिफोनचे पेटंट मिळाले. त्यांच्या यंत्रातून आवाज जाई, पण क्षीण जाई. तो सुधारण्याच्या खटपटीत थॉमस एडिसन होते. त्यांनी काजळीची, म्हणजे कार्बनची, टिकली वापरून बोलण्याचे यंत्र जोरकस केले. काळ्या टेलिफोनच्या मुखाशी जी छिद्रांची झाकणी असते, तिच्या आत कार्बनच्या बारीक कणांची डबी असे, ती याच कुळातली. बोललो की पडदा थरथरतो, कण दाबले जातात वा सैल होतात, आणि त्याप्रमाणे वीज कमीजास्त वाहते. फोन जुना झाला की कण एकमेकांना चिकटत. मग लोक रिसीव्हर टेबलावर आपटीत, आणि आवाज खरोखरच सुधारे. यात अडाणीपणा काही नव्हता. तो शास्त्रशुद्ध उपाय होता.

या टेलिफोनवरच काम चालू असताना जुलै १८७७ मध्ये एडिसननी एक प्रयोग केला. थरथरणाऱ्या पडद्याला टोचणी बसविली आणि तिच्याखालून मेण लावलेला कागद ओढला. कागदावर बोलण्याचे ओरखडे उमटले. त्या वर्षाच्या अखेरीस फोनोग्राफ तयार झाला. म्हणजे ध्वनिलेखनाचे यंत्र टेलिफोनच्या पोटातून निघाले आहे. पुढच्याच वर्षी एडिसननी एका अमेरिकन मासिकात फोनोग्राफच्या उपयोगांची यादी दिली. पत्रे सांगणे, आंधळ्यांसाठी पुस्तके, मरणासन्न माणसाचे शेवटचे शब्द, असे एकेक उपयोग सांगून त्यांनी टेलिफोनशी जोड घालण्याचाही उल्लेख केला: क्षणात विरणारे बोलणे कायमची नोंद व्हावे. संशोधकाला हे दुसऱ्याच वर्षी सुचले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. म्हणजे पुढे जो उशीर झाला तो बुद्धी कमी पडली म्हणून झाला, असे कोणाला म्हणता येणार नाही.

दुसरे नाव डेन्मार्कचे. वाल्देमार पौल्सेन हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला असलेले तरुण तंत्रज्ञ. त्यांनी १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने आवाज साठविणारे यंत्र काढले. नाव दिले टेलिग्राफोन. घरी कोणी नसताना फोन आला तर निरोप राहावा, हा त्याचा एक मूळ हेतू. एका पितळी नळकांड्यावर पोलादाची बारीक तार गुंडाळलेली, तिच्यावरून लहान विद्युत्‌चुंबक फिरतो, आणि बोलण्याप्रमाणे तारेत चुंबकत्व उतरते. पुन्हा चुंबक फिरवा, बोलणे परत ऐका. नको असेल तर पुसून टाका आणि त्याच तारेवर दुसरे भरा. पुढे जन्मलेल्या टेपरेकॉर्डरचा हा आजा. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि त्याला मोठे पारितोषिक मिळाले. ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ योझेफ तेथे त्यात काही वाक्ये बोलले, ती आजही जपून ठेवलेली आहेत. चुंबकीय ध्वनिलेखनातला आज शिल्लक असलेला सर्वांत जुना आवाज म्हणून तो सांगितला जातो. पहिला निरोप सम्राटाचाच जपला जावा, याचे आम्हा लोकांना नवल वाटत नाही.

मग घोडे अडले कुठे? एक भाग तांत्रिक होता. पौल्सेनचे यंत्र आवाज बारीक देई, आणि तो मोठा करण्याची साधने त्या काळी नव्हती. ते विकण्यासाठी अमेरिकेत कंपनी निघाली, पण चालली नाही. परंतु दुसरा भाग व्यापारी होता, आणि तो जास्त बोलका आहे. अमेरिकेत टेलिफोन म्हणजे बेल कंपनी असे समीकरण होते. त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स हिकमन या संशोधकाने १९३० नंतरच्या वर्षांत फोनला जोडून निरोप घेणारे चांगले यंत्र तयार केले होते. कंपनीने ते बाजारात आणले नाही. मार्क क्लार्क या इतिहासकाराने पुढे कंपनीचे जुने कागद तपासून १९९३ साली हा प्रकार मांडला. बोलणे साठविले जाते असे कळले तर लोक टेलिफोनवर बोलायला कचरतील, अशी कंपनीला धास्ती होती. व्यापारी तोंडी सौदे करणार नाहीत, खाजगीत चावट बोलणारे गप्प बसतील, आणि तितके कॉल बुडतील! बोलले आणि हवेत विरले, यावरच कंपनीची कमाई उभी होती. शिवाय कंपनीच्या फोनला बाहेरची कोणतीही वस्तू जोडण्यास बंदी होती. ती बंदी अमेरिकन सरकारच्या आयोगाने १९६८ साली एका निकालाने उठविली, आणि त्यानंतरच निरोप घेणारी यंत्रे घरोघर शिरली.

यात एक लहान गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. १९४७ साली त्याच आयोगाने टेलिफोनवरचे संभाषण ध्वनिमुद्रित करण्यास परवानगी दिली, पण अट घातली. यंत्र चालू असताना दर पंधरा सेकंदांनी 'बीप' असा सूर वाजलाच पाहिजे. कशासाठी? तर पलीकडच्या माणसाला कळावे की आपले बोलणे टिपले जात आहे. 'बीप वाजल्यावर निरोप ठेवा' हे आज आपण इतके ऐकतो की तो सूर म्हणजे नुसता इशारा वाटतो. परंतु या जुन्या नियमात त्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या संमतीशी बांधलेला होता. कोर्टाचा बेलीफ दारात उभा राहून आधी नोटीस वाचतो, तसला तो सूर.

आता आपल्या देशाकडे येऊ. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे रीतसर सुरू झाली. कलकत्त्याच्या केंद्रात तेव्हा ९३ ग्राहक होते. हा धंदा प्रथम खाजगी कंपन्यांकडे होता. मुंबई आणि कलकत्त्याच्या टेलिफोन कंपन्या सरकारने १९४३ साली ताब्यात घेतल्या. पण कायद्याची मूठ त्याआधीच आवळलेली होती. १८८५ च्या तार कायद्याने तार, आणि तारेच्या व्याख्येत येणारा टेलिफोन, यांवर सरकारचा एकट्याचा हक्क सांगितला. हाच कायदा थेट २०२३ पर्यंत राहिला. त्या साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला आणि त्याची जागा घेऊ लागला. याच कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला आणीबाणीच्या प्रसंगी निरोप अडविण्याचा व ऐकण्याचा अधिकार दिला होता. त्याला आवर घालणारे नियम सर्वोच्च न्यायालयाला १९९६ साली घालून द्यावे लागले. म्हणजे नियमावाचून एकशे अकरा वर्षे गेली.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात टेलिफोन होते सुमारे ८० हजार. १९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला आणि देशी टेलिफोन होऊ लागले. तो जड, काळा, गोल डायलचा टेलिफोन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. डॉक्टरांकडे असे, अडत्याच्या गादीवर असे, राईस मिलच्या मालकाकडे असे. विडी वळणाऱ्या घरात तो आलेला मी कधी पाहिला नाही. फोन मिळायला अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. बाहेरगावी बोलायचे तर ट्रंककॉल लावावा आणि तीन तीन मिनिटांचे पैसे मोजावेत. ऑपरेटर 'तीन मिनिटे झाली' म्हणे, आणि मयताची बातमी सांगणारा माणूससुद्धा वाक्य अर्धे टाकी. पुढे गावोगाव पिवळ्या पाटीचे फोन निघाले तेव्हा रांगेत उभे राहून का होईना, मजुराचा आवाज तारेवर चढला. परंतु तो जपला जाण्याचा प्रश्नच नव्हता. मीटर फिरला की बोलणे संपले.

टेलिफोनला ध्वनिलेखक जोडण्याचा आपल्या महाराष्ट्रातला गाजलेला प्रसंग न्यायालयातला आहे. १९६४ साली मुंबईच्या तत्कालीन कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचे प्रकरण निघाले. लाचलुचपत खात्याचे अधिकारी डॉक्टरच्या घरी टेपरेकॉर्डर घेऊन बसले. तो डॉक्टरच्या संमतीने फोनला जोडला आणि कॉरोनरचे बोलणे टेपवर उतरविले. बचाव असा की हे तार कायद्याविरुद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली निकाल दिला: ज्याचा फोन त्यानेच संमती दिली आहे, तेव्हा पुरावा ग्राह्य. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने वकील मंडळी तो खटला ओळखतात. लाचखोराला शिक्षा झाली हे उत्तमच झाले. पण या साऱ्यात यंत्र कोणाच्या हातात होते? पोलिसांच्या. टेपरेकॉर्डर त्या काळी तुमच्या माझ्या हाती कुठला असायला!

गोंदियाच्या माणसाला टेलिफोनचे दुसरे एक कुळ जवळचे आहे. ते म्हणजे रेल्वेचा टेलिफोन. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ साली स्थापन झाली, आणि आपले गाव जंक्शन म्हणून वाढले ते या लोहमार्गामुळे आणि जबलपूर व नागभीडकडे जाणाऱ्या लहान गाड्यांच्या फाट्यांमुळे. रेल्वेफाटकावरचा गेटमन आणि स्टेशनमास्तर यांच्यामध्ये फोन असतो. जुन्या तऱ्हेच्या या फोनला दांडी असते. ती गरगर फिरवली की पलीकडे घंटी वाजते. गाडी येण्याआधी मास्तर फोन करतो, गेटमन फाटक लावतो. लावले हे सिद्ध कसे व्हायचे? तर गेटमन एक आकडा सांगतो. त्याच्याकडे आकड्यांचे छापील पान असते, त्यातला पुढचा आकडा तो बोलतो आणि दोघेही आपापल्या वहीत तो लिहून ठेवतात. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. उद्या अपघात झाला आणि मास्तर म्हणाला 'मला फाटक लावल्याचे सांगितलेच नाही', तर दोन्ही वह्या समोरासमोर ठेवायच्या.

हा प्रायव्हेट नंबर म्हणजे मला ध्वनिलेखनाचाच एक गरीब प्रकार वाटतो. बोलणे विरून जाते हे ओळखून कोणा शहाण्या माणसाने त्याला आकड्याची गाठ मारली. आणि त्यातले न्याय्य तत्त्व असे, की नोंद दोघांकडे असते. मास्तरची वही मास्तरकडे, गेटमनची गेटमनकडे.

अलीकडे कंट्रोल ऑफिसात, स्टेशनांवर आणि पुष्कळ फाटकांच्या फोनवर संभाषण आपोआप टिपणारी यंत्रे बसली आहेत. ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत कडलूरजवळच्या फाटकावर शाळेची गाडी रेल्वेखाली सापडली आणि मुले दगावली. त्यानंतर रेल्वेने फाटकांवरचे ध्वनिमुद्रण चालू आहे की नाही ते पाहण्याचे आणि अधिकाऱ्यांनी ते मधूनमधून ऐकण्याचे हुकूम काढले. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. या हुकमाला कोण नको म्हणेल? परंतु कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मी एवढे विचारीन, की ते मुद्रण गेटमनलाही ऐकायला मिळते का? बारा तासांची पाळी झाली, बदली माणूस आला नाही, असे तो रात्री फोनवर सांगतो, तेही बोलणे त्याच यंत्रात पडते. चौकशीच्या वेळी कोणते बोलणे वर काढायचे हे कोण ठरवितो? वहीच्या काळात त्याच्या हाती अर्धी नोंद होती. यंत्राच्या काळात सगळी नोंद एका बाजूला गेली.

गरिबाचा आवाज साहेबाने टिपून घ्यावा, ही रीत आपल्या मुलखात जुनीच आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या हिंदुस्थानच्या भाषा-पाहणीच्या निमित्ताने सरकारने १९१३ ते १९२९ या वर्षांत प्रांतोप्रांतीच्या भाषा आणि बोली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर भरून घेतल्या. आपल्या मध्यप्रांतातल्या बोलीही त्यांत होत्या. काम अमोल आहे, त्याबद्दल कृतज्ञता हवी. पण त्या माणसांना बोलायला काय लावले? बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट आपापल्या बोलीत सांगायला. भाषांची तुलना करायला सगळीकडे एकच गोष्ट लागते, हे शास्त्र मला समजते. परंतु त्या वर्षांत पहिले महायुद्ध झाले, इन्फ्ल्युएन्झाच्या साथीने घरेच्या घरे ओस पडली. त्या माणसांजवळ सांगण्यासारखे काही नव्हते काय? ज्याला यंत्रापुढे बसविले त्याला 'बाबा, तुला काय सांगायचे आहे?' असे विचारण्याचा तो काळ नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला आपल्या शेजारीच, आणि तोही टेलिफोनवरून. सालेकसा, देवरी या आपल्या तालुक्यांच्या पलीकडे छत्तीसगड लागते. तेथल्या गोंडी बोलणाऱ्या लोकांसाठी शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने २०१० साली 'सीजीनेट स्वर' नावाचा उपक्रम सुरू केला. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्रातले बिल थीस यांची त्याला तांत्रिक मदत होती. युक्ती साधी होती. बंगळूरला एक संगणक, त्याला टेलिफोनचा नंबर. जंगलातल्या माणसाने साध्या मोबाईलवरून त्या नंबरला फोन करायचा. १ दाबले की आपले सांगणे बोलून ठेवायचे, २ दाबले की इतरांचे ऐकायचे. बोलणे तपासून पाहणारी माणसे होती. खातरजमा झाली की ते सर्वांसाठी खुले होई. मजुरी मिळाली नाही, हातपंप बंद आहे, मास्तर शाळेत येत नाही, अशा तक्रारी येत; गाणीही येत. तक्रारीबरोबर संबंधित अधिकाऱ्याचा फोन नंबर सांगायचा आणि ऐकणाऱ्यांनी त्याला फोन करून विचारायचे, अशी रीत पडली. काम झाले की तेही त्याच नंबरवर कळवायचे.

२०११ च्या शिरगणतीत गोंडी मातृभाषा सांगणारे जवळजवळ तीस लाख लोक होते. सहा-सात राज्यांत पसरलेले. एवढ्या लोकांना रोजचे छापील वर्तमानपत्र नाही. अशा लोकांपुढे टेलिफोन ऐकून ठेवू लागला, तेव्हा लिहिता येणे ही अट गळून पडली. आमच्या चळवळीत हा फरक किती मोठा आहे हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. बाई झाडीबोलीत सांगते. आम्ही अर्ज लिहितो तो पुस्तकी मराठीत. ती हुंदका देते, आम्ही 'सबब विनंती' लिहितो. साहेबाकडे पोहोचते ती विनंती. हुंदका आमच्याच कचेरीत राहतो.

आता जुन्या फोनविषयी. अलीकडे शहरांतल्या लग्नांत जुना टेलिफोन सजवून ठेवण्याची टूम निघाली आहे. पाहुण्यांनी रिसीव्हर उचलायचा, सूर वाजला की आशीर्वाद बोलायचे, फोन ठेवायचा. मंडळींना ती गंमत वाटते. मला त्यात आणखी काही दिसले. पलीकडे कोणी नाही, मधे कंपनी नाही, तारखाते नाही. बोलणारा आपण होऊन उचलतो आणि आपण होऊन ठेवतो. आणि म्हाताऱ्या माणसाला टेपरेकॉर्डरपुढे बसविले की तो भाषण करू लागतो, मोबाईल पुढे केला की गप्प होतो. टेलिफोन कानाला लावला की मात्र तो बोलतो. हात तसा वळलेला असतो.

भंगारवाल्याकडून असा एक काळा फोन आम्ही तोलून घेतला. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने तो युनियनसाठी तयार केला. त्याने काय केले ते सांगतो, कारण त्यात गूढ काही नाही. मुखाशी असलेली कार्बनची डबी काढली. तिला टेलिफोनच्या तारेतून वीज लागत असे, ती आता नाही. तिच्या जागी कंडेन्सरचा लहान माइक डाग देऊन बसविला. कानाशी असलेला जुना रिसीव्हर तसाच ठेवला. त्यात अजून दम आहे. फोन ठेवायच्या खाचेखाली एक पट्टी असते, रिसीव्हर उचलला की ती वर येते. पूर्वी तिने तार जोडली जाई; आता ती पोटातल्या तळहाताएवढ्या संगणकाला सांगते की माणूस आला. तो सूर वाजवितो आणि ऐकू लागतो. रिसीव्हर ठेवला की थांबतो, आणि बोलणे मेमरी कार्डावर राहते. डायलही वाया गेली नाही. डायल परत फिरताना १ ला एक खटका देते, २ ला दोन, शून्याला दहा. हे खटके संगणक मोजतो. या साऱ्याला इंटरनेट लागत नाही, आणि ते न लावण्याविषयी आम्ही मुद्दाम सांगितले होते.

विडी कामगारांच्या बैठकीत तो टेबलावर ठेवला. या धंद्याची थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. तेंदूच्या पानावर उभा राहिलेला हा धंदा भंडारा-गोंदियाच्या कित्येक घरांनी चालविला. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला, त्यात घरी बसून विडी वळणाऱ्यांनाही कामगार मानले. १९७६ साली कल्याण निधी आला. त्याचा वेगळा कर २०१७ साली बंद झाला. खुद्द १९६६ चा कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितांत विलीन झाला. एवढे कायदे होऊनही प्रश्न एकच: वहीत नाव कोणाचे? वळते एक, कार्ड दुसरीच्या नावाचे, असे पुष्कळ घडते. मग फंडाची वेळ आली की जिने वीस वर्षे बोटे झिजवली ती कागदावर नसतेच. शिवाय छाट. हजारामागे किती विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या याचा हिशेब ठेकेदाराच्या तोंडी असतो.

पहिली बाई उठली. रिसीव्हर कानाला लावला, आणि बोलण्याआधी मला विचारले, "माह्या नावानं बोलू का कारड ज्याच्या नावाचं हाय तिच्या?"

बैठक हसली नाही. प्रश्न तिथेच सुरू झाला. तिचे बोलणे कोणाच्या हाती जाणार? ठेकेदाराच्या कानी गेले तर उद्याची पाने बंद. नाव घेतले नाही तर तक्रारीला किंमत नाही. दोन तास चर्चा झाली आणि त्यात बायांनी जे ठरविले ते आम्हा पुढाऱ्यांना सुचले नव्हते. एक, बोललेले लगेच ऐकायला मिळाले पाहिजे. म्हणून २ फिरवला की स्वतःचे बोलणे ऐकू येते. दुसरे, बोलणारीला नको वाटले तर पुसता आले पाहिजे. कारागिराने तक्रार केली की पुसायची सोय ठेवली तर पुरावा उरणार नाही. एक म्हातारी म्हणाली, ठेवायचे की नाही ते आम्ही घरी विचारून सांगू. तेव्हा शून्याला पुसणे नेमले. शून्य यासाठी, की डायल पूर्ण फिरवावी लागते. चुकून पुसले जात नाही. तिसरे, कार्डाची प्रत एक युनियनकडे आणि एक त्यांनीच निवडलेल्या दोघींकडे.

काही जणींनी बोलून पुसले. मला प्रथम हळहळ वाटली, कारण त्यांत छाटीची नेमकी माहिती होती. परंतु त्यांतल्या दोघी पुढच्या बैठकीला परत आल्या आणि नावानिशी बोलल्या. मधल्या दिवसांत त्यांनी घरी विचारले होते. एका जुन्या हमालाने राईस मिलमधल्या पोत्यांचे वजन, मापाडी, मुकादम यांविषयी इतके सांगितले की ते लिहून काढायला मला तीन रात्री लागल्या. आणि ज्यांना तक्रार नव्हती त्यांनी गाणी म्हटली. तीही ठेवली आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या तबकड्यांसारखी एकच गोष्ट आम्ही कोणाला सांगायला लावली नाही.

कामगार अधिकाऱ्यांपुढे अशा बोलण्याची किंमत काय, हा प्रश्न वकील मित्र विचारतात. ध्वनिमुद्रण पुरावा होऊ शकते हे मलकाणी खटल्यापासून मानले गेले आहे. मात्र आवाज कोणाचा हे ओळखता आले पाहिजे, मुद्रणात फेरफार नाही हे दिसले पाहिजे, आणि संगणकातल्या नोंदीला प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून आम्ही कार्डावरचे काही कापीत नाही, मागेपुढे करीत नाही. खोकला आला तर खोकलाही राहतो. लेखी अर्ज अजूनही लागतोच. फरक इतकाच पडला आहे की अर्ज लिहिताना मी बाईचे बोलणे पुन्हा ऐकतो, आणि माझे 'सबब विनंती' मला खटकते. हल्ली मी तिची वाक्ये तशीच उतरवितो. एका अधिकाऱ्याने असा अर्ज वाचून विचारले, ही कोणती भाषा? मी म्हटले, अर्जदाराची.

फोन आज येथे दाराजवळच्या टेबलावर आणून ठेवला आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणीतरी विडी वळली असेल, मिलमध्ये पोती वाहिली असतील, लहान लाईनच्या गाडीवर नोकरी केली असेल. त्यांना घेऊन यावे. १ फिरवून बोलावे, २ फिरवून ऐकावे, नको वाटले तर शून्य. फक्त डायल सोडल्यावर ती आपली आपण परत येऊ द्यावी, मध्ये बोट लावू नये. स्प्रिंग जुनी आहे आणि दुसरी अजून मिळालेली नाही.